जिला भेटायला कोणी येत नव्हतं

पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, त्या काळातली गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

एका सकाळी दोन महिला पोलिसांनी एका कैदी बाईला बाळंतपणासाठी आणलं. वय असेल बावीस-तेवीस. बाळ पोटातच गेलेलं होतं. जे करायचं ते डॉक्टरांनी आणि आम्ही केलं, आणि तिला वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं. वॉर्डात प्रत्येक खाटेभोवती सासू, आई, नणंद, डबे, थर्मास. हिच्या खाटेजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर पोलिसबाई. चहा मीच नेऊन दिला. ती रडली नाही, काही मागितलंही नाही. संध्याकाळी ड्यूटी संपवून निघाले तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "सिस्टर, उद्या येता ना तुम्ही?"

"येते ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या आईला ताप होता. मी फोन करून सुट्टी सांगितली. ताप काही फार नव्हता. खरं सांगायचं तर मलाच थकल्यासारखं झालं होतं, आणि आईचा ताप हे सोयीचं कारण होतं. तिसऱ्या दिवशी गेले तर कोपऱ्यातल्या खाटेवर दुसरी पेशंट. आयाबाई म्हणाली, "ते कैदी बाई तुमाले लय विचारत होती. गाडी येऊन लागली तरी दाराकडेच पाहून राहिली होती."

तिचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मी शोधही घेतला नाही.

मी लग्न केलं नाही. सुरुवातीला आईसाठी, मग सवयीनं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी रिटायर झाले. दोन खोल्यांचं घर, मागं मोरी, पुढं एक पेरूचं झाड. भाऊ नागपूरला असतो. तो म्हणत होता, इकडं ये, वरची खोली रिकामी आहे. पण वरच्या खोलीत राहायला जायचं म्हणजे आपण कोणाच्या तरी घरी आहोत हे रोज लक्षात ठेवायचं. मी गेले नाही.

एकटेपणाची एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही तर संध्याकाळी आपलाच आवाज बसलेला लागतो. शेजारच्या मास्तरीणबाईंनी हाक मारली की उत्तर देताना मला आधी खाकरावं लागे.

आमची मंडळी छोटी. गावात ख्रिस्ती घरं मोजून आठ. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, छिंदवाड्याहून महिन्यातून दोनदा येतात, बाकीच्या रविवारी आमच्यातलंच कोणीतरी वाचन करतं. पाळक आले होते असा एक रविवार होता. आम्ही अकरा जण होतो. पाळकांनी बायबलमधला शेवटच्या न्यायाचा भाग वाचला. उपाशी माणसाला जेवू घालणाऱ्यांना, आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्यांना, तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांना प्रभू काय म्हणेल, ते. मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. आजाऱ्यांपर्यंत मी आरामात ऐकलं. आजाऱ्यांतच माझा जन्म गेला होता. पुढचा शब्द आला आणि मला कोपऱ्यातली ती खाट दिसली.

लोक विचारतात, तुला पाचारण, देवाचं बोलावणं, कसं झालं. आमच्यात तो शब्द फार मोठा आहे. मला आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही. तोंड कडू झालं, एवढंच. उपासना संपल्यावर सगळे चहाला थांबले आणि मी चप्पल घालून सरळ घरी आले.

सौंसरच्या उपजेलमध्ये बायकांची एक खोली आहे, हे मला दवाखान्यापासून माहीत होतं. अर्ज केला. मधल्या काळात पांढुर्णा जिल्हा झाला, कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले, आणि परवानगी यायला बरेच महिने लागले. त्या महिन्यांत प्रत्येकानं मला शहाणपण शिकवून पाहिलं. भाऊ फोनवर म्हणाला, "रिटायर झाली ना तू? मंग आता हे काय नवीन काढून राहिली?" मंडळीतल्या सगळ्यात जुन्या घरातल्या काकू म्हणाल्या, "आपण आठ घरं आहोत, बाई. उद्या कोणी म्हणलं का जेलात जाऊन धर्म बदलवून राहिले, तं कोण येईल आपल्या मागं?" त्यांचं खोटं नव्हतं. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पण सोबत यायला कोणी तयार झालं नाही.

जेलर साहेब मध्यम वयाचे, शांत बोलणारे. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

"सिस्टर, एक गोष्ट साफ सांगतो. धर्माचं काही बोलायचं नाही. पुस्तक आणायचं नाही, पत्रक आणायचं नाही. तब्येतीचं पाहा, चिठ्ठ्या लिहून द्या, शिवणकाम शिकवा. जमते काय?"

"जमते," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मात्र माझे डोळे भरून आले. ज्याच्यासाठी जायचं, त्याचं नावच तिथं घ्यायचं नाही, तर मग मला पाठवलं कशाला? बाहेर कपाशीची वावरं मागं जात होती आणि मला काही उत्तर मिळत नव्हतं. अजूनही पूर्ण मिळालेलं नाही.

दर गुरुवारी सकाळची सौंसरची बस. दुसऱ्याच महिन्यात कंडक्टरला मी कुठं जाते ते कळलं. तो दारातूनच ओरडायचा, "सिस्टर, जेल काय?" सगळी बस वळून पाहायची. कोणाचा मुलगा आत असेल, कोणाचा नवरा, असं त्यांना वाटत असेल. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं सरकून मला जागा दिली आणि हळूच विचारलं, "किती वर्षाची सजा झाली?" मी जागा घेतली.

पहिल्या गुरुवारी खोलीत चौघी होत्या. मी बीपीचं मशीन घेऊन गेले होते. त्यातली एक म्हणाली, "वकील हायेत काय तुम्ही?"

"नाही."

"मंग कोणं पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आली."

त्यांचा विश्वास बसला नाही. फुकट कोण येतं जेलात? पण बीपी तपासून घ्यायला तिघींनी हात पुढं केले. चौथी भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढं केला नाही. पुढं जे सांगायचं आहे ते तिच्याविषयी.

तिचं वय पस्तिशीच्या आसपास. रुंद कपाळ, दोन्ही हातांवर जुनं गोंदण, आणि बोलायच्या आधी ओठ घट्ट मिटायची सवय. महिला प्रहरीकडून, म्हणजे पहाऱ्यावरच्या बाईकडून, मला तिची हकीकत कळली. तिच्या सासरी संत्र्याचा बगीचा. बगीच्यातल्या विहिरीत तिची धाकटी जाऊ मेलेली सापडली. आदल्या संध्याकाळी दोघींचं भांडण झालं होतं, आणि ते गड्यामाणसांनी ऐकलं होतं. जावेच्या माहेरच्यांनी तक्रार केली. घरच्यांचे बयान झाले, तेव्हा सासूनं, दिरानं, आणि हिच्या नवऱ्यानंही तेच सांगितलं, की भांडण हिच्याशीच झालं. सगळं हिच्यावर आलं. जमानतीसाठी उभं राहायला कोणी आलं नाही. मुलाकातीच्या दिवशी बाकीच्या बायका केस विंचरून बसायच्या. ही बसायची नाही.

महिना-दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही. मी जायचे, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या लिहायचे, काज-बटन शिकवायचे. निघताना तिच्याजवळ दहा मिनिटं नुसती बसायचे. मला वाटायचं हे तिच्यासाठी. पुढं लक्षात आलं, आठवड्यात मी कोणाच्या इतक्या जवळ बसत असेन तर ते त्या दहा मिनिटांतच.

एका गुरुवारी तीच म्हणाली, "सिस्टर, माह्या मायले सांगान काय, मी इथं हाय म्हणून?"

"त्यांना माहीत नसेल का?"

"माहीत असन. पण कोणी तोंडानं सांगितलं नसन."

तिचं माहेर मोहगावच्या अलीकडच्या एका खेड्यात. मी गेले. सौंसरहून दुसरी बस, मग पायी. मृग बहाराची तोड चालू होती. बांधावर संत्र्याचे ढीग, आणि तीन-चार बाया बसून लहान-मोठी फळं निवडून क्रेटमध्ये टाकत होत्या. मी विचारलं तशी त्यातली सगळ्यात म्हातारी उठली आणि मला बाकीच्यांपासून लांब, झाडांच्या आड घेऊन गेली. तेच रुंद कपाळ.

मी सांगितलं, मी कुठून आले. तिनं पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "जेवते काय?"

"जेवते."

"आंग भरलं असन का वाळली असन?"

"वाळली आहे थोडी."

मग एकदम म्हणाली, "बाई, तिनं केलं काय ते?"

"मी विचारलं नाही."

"कायले नाही विचारलं?"

"ते कोर्टाचं काम आहे, मावशी. माझं नाही."

"तुमचं नसन. माह्यं हाय." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पोरगा म्हणते, तिकडं गेली तं इकडं वापस येऊ नको. त्याच्या पोरीचं लग्न जमवून राहिले आम्ही. आन् मले कोणी सांगत नाही, का माह्या पोरीनं केलं का नाही केलं. मी कोणत्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ? तिनं हो म्हणलं तं मी काय करू?"

तिनं मान वळवून बांधाकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा तुम्ही आता. लोकं पाहून राहिले."

पुढचा गुरुवार येईपर्यंत मी रोज विचार करत होते, की तिला काय सांगायचं. मी आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत आले. अर्धं सांगायचं, अर्धं ठेवायचं, ही कला मला येते. तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "भेटल्या तुझ्या आई. चांगल्या आहेत. फक्त गुडघे फार दुखतात. बसमध्ये चढता येत नाही, म्हणून..."

तिनं ओठ मिटले. मग म्हणाली, "माह्या मायचे गुडघे चांगले हायेत, सिस्टर. ते अजून झाडावर चढते."

मी मशीनची पट्टी गुंडाळायला घेतली.

"तुमी खोटं बोलू नका," ती म्हणाली. "इथं सारेच बोलतात. तुमी तरी नका बोलू."

त्यानंतर पाच गुरुवार ती माझ्याकडे पाठ करून बसली. मी ती दहा मिनिटं तिच्या पाठीजवळ काढली. घरी येऊन प्रार्थनेला बसले की शब्द फुटायचे नाहीत. मी देवाचं नाव न घ्यायचं कबूल केलं होतं, ते मी पाळलं. पण खरं बोलायला तर कोणी मना केलं नव्हतं. देवाविषयी एक अक्षर न बोलता मी तिला देवापासून लांब लोटलं, असं मला वाटायचं. हे बोलायला कोणी नव्हतं. पाळकांना फोन लावला, तर ते लग्नाच्या कार्यक्रमात होते. मागं बँड वाजत होता. मी म्हटलं, काही नाही, सहज केला.

सहाव्या गुरुवारी मी तिच्या पाठीमागं बसूनच सगळं सांगितलं. बांध, झाडांची आड, आई काय म्हणाली, भाऊ काय म्हणतो, लग्न. एक शब्द गाळला नाही. आणि मग, का कोण जाणे, दवाखान्यातल्या त्या कैदी बाईचंही सांगितलं. की ती वाट पाहत राहिली आणि मी गेले नाही, आणि ताप फार नव्हता.

तिनं पदर सारखा केला. मग वळली.

"विचारा मले," ती म्हणाली.

"काय?"

"माय विचारते तेच."

"मला नको ते."

"विचारा ना. पोलिसानं विचारलं ते लिहायसाठी. वकिलानं विचारलं, तं माह्याकडे पाहिलंच नाही. घरच्या एकानं नाही विचारलं. तुमी विचारा."

मी विचारलं. "तू केलंस काय?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग थांबून थांबून बोलली. भांडण पाण्याच्या पाळीवरून सुरू झालं आणि कुठल्या कुठं गेलं. जावेला मूल नव्हतं. त्याच्यावरून ही बोलायची, नेहमीच बोलायची. त्या संध्याकाळी म्हणाली, जाय, मर कुठं तरी जाऊन. "सकाळी ते विहिरीत. हात नाही लावला मी तिले, सिस्टर. झोपली होती मी. पण बोलली मी. ते कोणी लिहून नाही घेतलं. सारे म्हणतात भांडण झालं. काय बोलली, ते मलेच माहीत."

मी तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. मला माहीत होती ती सगळी वचनं त्या वेळी डोक्यात आली. पण मी शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर, शब्द दिला नसता तरी त्या वेळी मला काही बोलता आलं नसतं. मी तो हात धरून ठेवला. प्रहरीनं वेळ झाल्याचं सांगितलं.

मी जेलर साहेबांना एकदा विचारलं होतं, की तिच्या जमानतीसाठी मी उभी राहू का. ते म्हणाले, "तुम्ही भेटायला येता, तेवढंच ठेवा, सिस्टर." मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटल्यासारखं वाटणं अजून टोचतं.

केस चालली. साक्षीदारांनी ऐकलेलं भांडण, एवढ्यावर खून उभा राहिला नाही. निकालाच्या आधीच्या गुरुवारी ती मला म्हणाली, "सिस्टर, एक सांगू? राग नका मानू. सुटली मी, आन् कुठं भेटलो आपण, तं वळख नका दाखवू. लोक विचारतीन, ह्या कोण? मी काय सांगू, कुठं भेटली म्हणून?"

"नाही दाखवणार," मी म्हटलं.

"तुमाले वाईट वाटन."

"वाटेल. पण नाही दाखवणार."

मंगळवारी निकाल लागला. गुरुवारी मी गेले तेव्हा ती गेलेली होती. प्रहरी म्हणाली, न्यायला आई आली होती, एकटीच. फाटकाच्या बाहेर झाडाखाली दुपारपासून बसून होती. म्हाताऱ्या बाईनं तिच्या हातातली पिशवी घेतली. मला आनंद झाला. मग मी खोलीत गेले, उरलेल्या दोघींचं बीपी पाहिलं, आणि ती बसायची त्या भिंतीकडे पाहिलं नाही.

सात-आठ महिन्यांनी पांढुर्ण्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानापाशी ती मला दिसली. आईसोबत होती. दोघींच्या हातात लग्नाच्या खरेदीच्या असाव्यात अशा पिशव्या. ती भरली होती, केसात फूल होतं. तिनं मला पाहिलं. एवढंसं, डोळ्यांनी. मी शेजारच्या दुकानातल्या स्टीलच्या डब्यांकडे वळले आणि एक डबा उचलून त्याचं झाकण लावून पाहू लागले. त्या माझ्या मागून गेल्या. म्हातारीचं पाऊल किंचित थांबलं. लेकीनं "चाल ना, माय" म्हटलं, आणि त्या गेल्या.

दुकानदार म्हणाला, "सिस्टर, घेता काय?" मी घेतला. मला डबा नको होता.

त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी प्रार्थना केली. बाहेर तिचं नाव मी कधीच कोणाजवळ घेतलेलं नाही, इथंही घेणार नाही. पण घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं घेतलं. दोन-तीनदा घेतलं.

यंदा नाताळाच्या आधी मंडळीनं मला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं केलं. छिंदवाड्याहून पाहुणे आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "किती आत्मे जिंकले, सिस्टर?" मी म्हटलं, "मी दर गुरुवारी जाते." ते पुढं काही ऐकायच्या तयारीत थांबले. मी बसले. काकूंनी माझ्यापुढं करंज्यांची बशी सरकवली.

मागच्या बुधवारी प्रहरीचा फोन आला. "सिस्टर, उद्या नका येऊ. बायकांची खोली खाली झाली. शेवटची होती, तिची आज जमानत झाली."

मी देवाचे आभार मानले, आणि ते खरोखर मानले. गुरुवारी सकाळी मात्र मी नेहमीच्या वेळेला अंघोळ करून, साडी नेसून, बीपीचं मशीन पिशवीत घालून खुर्चीवर बसले होते. मास्तरीणबाईंनी दारातून विचारलं, "आज गेल्या नाही?" मी म्हटलं, "आज सुट्टी आहे." त्या आत आल्या नाहीत, त्यांना शाळेत जायचं होतं. मी मशीन काढलं आणि माझंच बीपी पाहिलं. ठीक होतं.

पाच दिवसांनी पुन्हा फोन. दोघी नव्या आल्या, एकीची तब्येत बरी नाही, याल का? मी "येते" म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी खूश झाले होते. कोणाच्या तरी घरावर एवढं मोठं संकट आलं होतं, आणि मी खूश झाले होते. त्याची मला फार लाज वाटली. मग उठून मी बसच्या सुट्ट्या पैशांसाठी पर्स शोधू लागले.